जीभ-खोबणीचा सांधा आणि जोडपात्यांचा इतिहास : रंध्यापासून राउटरपर्यंत

प्रस्तावना

लाकूडकामाच्या इतिहासाचे लेखन बहुतांशी शैली, अलंकरण आणि आश्रयदाते यांच्याभोवती फिरत राहिले आहे. कपाटाचे दार कोणत्या राजवटीतील आहे याची चर्चा होते. ते दार कोणत्या हत्याराने जोडले गेले, त्या हत्यारावर कोणाची मालकी होती आणि ते बोथट झाल्यावर त्याचे पाते बदलण्याचा अधिकार कोणाला होता, हे प्रश्न मात्र दुर्लक्षित राहतात. जीभ-खोबणीच्या सांध्यासाठी वापरल्या जाणाऱ्या 'जोडपात्यांचा' इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रस्तुत लेखात इंग्लंड व अमेरिका येथील काही ठळक टप्प्यांच्या आधारे या इतिहासाचा मागोवा घेतला आहे.

सांध्याचे प्रयोजन

एका फळीच्या कडेला मधोमध उंचवटा, म्हणजे जीभ, आणि दुसरीच्या कडेला तेवढ्याच मापाची खोबणी, असे या सांध्याचे स्वरूप असते. त्याची गरज लाकडाच्या स्वभावातून निर्माण झाली. लाकूड हवेतील ओलाव्यानुसार आडव्या दिशेने फुगते व आकसते. रेषांच्या लांबीच्या दिशेने मात्र हा बदल जवळजवळ नगण्य असतो. रुंद फळी चारही बाजूंनी जखडली तर ती कधी ना कधी तडकणारच. यावर मध्ययुगाच्या उत्तरार्धात युरोपातील कारागिरांनी चौकट-पॅनेलची रचना रूढ केली. उभ्या व आडव्या पट्ट्यांची चौकट पक्की जोडायची आणि तिच्या खोबणीत पॅनेल सरस न लावता मोकळे बसवायचे. पॅनेल आतल्या आत हलते, चौकट मात्र आपले माप सोडत नाही.

हे काम करणारे 'जॉइनर' हे साध्या सुतारांपासून वेगळे गणले जाऊ लागले. लंडनमध्ये जॉइनरांच्या संघाला 1571 मध्ये राजसनद मिळाली. पुढे कामाच्या वाटणीवरून त्यांचा सुतारांच्या संघाशी वाद विकोपाला गेला आणि 1632 मध्ये नगर प्रशासनाला निवाडा द्यावा लागला. कुसू घालून, सरस लावून केलेले चौकटीचे काम जॉइनरांचे आणि सरसाशिवाय खिळ्यांनी ठोकलेले काम सुतारांचे, असा त्याचा स्थूल आशय होता. कोणता सांधा कोणी करायचा हा त्या काळी पोटाचा प्रश्न होता, हे या निवाड्यातून स्पष्ट होते.

जोडीचे रंधे

जोसेफ मॉक्सन याने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हस्तव्यवसायांवर क्रमशः पुस्तिका प्रसिद्ध केल्या. त्यांत खोबणी पाडणाऱ्या 'प्लाऊ' रंध्याचे वर्णन आहे. हा रंधा केवळ खोबणी पाडतो. तिच्यात बसणारी जीभ कारागिराने आपल्या हाताच्या अंदाजाने साधायची असते. जोडीचे रंधे प्रचारात आले तेव्हा हा अंदाज हत्यारात उतरला. एक रंधा जीभ काढतो, दुसरा नेमकी तिला सामावणारी खोबणी पाडतो. दोन्ही एकाच कारखान्यात परस्परांच्या मापाने घडवलेले असतात. जोडीतील एक हरवला तर दुसऱ्याचे मोल निम्म्याहूनही खाली येते.

या विचाराचे सर्वांत चतुर रूप 1875 साली दिसते. चार्ल्स मिलर याला त्या वर्षी मिळालेल्या पेटंटवर आधारित लोखंडी रंधा अमेरिकेतील स्टॅन्ली कंपनीने बाजारात आणला. त्याचा क्रमांक 48. एकाच रंध्यात दोन पाती आणि फिरणारी कड अशी त्याची रचना आहे. कड एका स्थितीत असताना दोन्ही पाती उघडी राहतात आणि मधली जीभ उरते. ती अर्धा फेरा फिरवली की एक पाते झाकले जाते व उरलेले खोबणी पाडते. कारागिराला काहीही मोजावे लागत नाही.

वुडवर्थचे यंत्र आणि मक्तेदारी

हाताच्या रंध्याचा हा विकास चालू असतानाच यांत्रिकीकरणाची स्वतंत्र धारा वाहत होती. इंग्लंडमध्ये सॅम्युअल बेंथॅम याने 1793 च्या पेटंटात फिरत्या पात्यांची कल्पना तपशिलाने मांडली होती. ग्लासगोच्या माल्कम म्यूर याने 1827 मध्ये जमिनीच्या फळ्या तयार करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. परंतु खरा संघर्ष अमेरिकेत झाला. न्यूयॉर्क राज्यातील विल्यम वुडवर्थ याला 27 डिसेंबर 1828 रोजी फळ्या रंधून त्यांना जीभ व खोबणी काढणाऱ्या यंत्राचे पेटंट मिळाले. पुढच्याच वर्षी युरी एमन्स याने तत्सम पेटंट घेतले, तेव्हा दोन्ही पक्षांनी भांडत बसण्याऐवजी हक्कांची देवाणघेवाण केली आणि प्रदेशवार परवाने विकण्यास आरंभ केला.

चौदा वर्षांची मुदत 1842 मध्ये संपणार होती. वुडवर्थ तोपर्यंत निवर्तला होता. त्याच्या वारसदार प्रशासकाने सात वर्षांची वाढ मिळवली. 1845 मध्ये काँग्रेसने खास कायदा करून आणखी सात वर्षे बहाल केली. अशा रीतीने फळीच्या कडेला जीभ काढण्याच्या यांत्रिक पद्धतीवर एकूण 28 वर्षे, म्हणजे 1856 च्या अखेरपर्यंत, मोजक्या व्यक्तींचे नियंत्रण राहिले. संशोधकाला मोबदला मिळावा हे तत्त्व मान्य केले तरी या मुदतवाढीचा लाभ प्रामुख्याने हक्क विकत घेणाऱ्या व्यापाऱ्यांच्या पदरात पडला, हे नजरेआड करता येत नाही.

या पेटंटावरून झालेल्या असंख्य खटल्यांपैकी दोन येथे महत्त्वाचे ठरतात. विल्सन विरुद्ध रूसो (1846) या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्यांनी मूळ मुदतीत यंत्र रीतसर घेतले होते त्यांना वाढीव मुदतीतही ते वापरता येईल, असे ठरवले. विल्सन विरुद्ध सिम्पसन (1850) मधला प्रश्न अधिक सूक्ष्म होता. यंत्र कित्येक वर्षे टिकते, पण त्याची पाती साठ ते नव्वद दिवसांत झिजतात. झिजलेले पाते बदलणे म्हणजे दुरुस्ती की पेटंट असलेल्या यंत्राची नव्याने बांधणी? न्यायालयाने ती दुरुस्ती मानली. खरेदीदाराला यंत्र वापरण्याचा हक्क आहे, तर पाते बदलण्याचाही आहे, हे त्यातून प्रस्थापित झाले. सुमारे शतकानंतर, 1961 मध्ये, मोटारींच्या घडीच्या छतासंबंधीच्या अॅरो खटल्यात याच निर्णयाचा आधार घेतला गेला. लाकडी फळ्यांच्या गिरणीतील पाते असे अमेरिकी पेटंट कायद्याच्या मुळाशी जाऊन बसले आहे.

राउटर आणि जोडपाती

गिरणीतील शक्ती छोट्या कार्यशाळेत आली ती विजेच्या राउटरमुळे. पहिल्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्क राज्यात आर. एल. कार्टर याने हातात धरता येणारे असे यंत्र विकसित केले. 1929 मध्ये त्याचा व्यवसाय स्टॅन्लीने विकत घेतला. दुसरा आवश्यक घटक जर्मनीतून आला. कार्ल श्रोटर याने 1923 मध्ये टंगस्टन कार्बाइडच्या संयुक्त धातूचे पेटंट घेतले आणि क्रुप कंपनीने त्या दशकाच्या उत्तरार्धात तो 'विडिया' या नावाने विक्रीस काढला. प्लायवूडमधील सरस पोलादी धार लवकर मारतो; कार्बाइडची धार तेथे तग धरते.

आजच्या जोडपात्यांत 1875 च्या रंध्याचाच विचार दिसतो. जिभेच्या बिटावर दोन पाती आणि त्यांच्यामध्ये बेअरिंग असते. पात्यांमधील अंतर हीच जिभेची जाडी. खोबणीच्या बिटावर तेवढ्याच रुंदीचे एक पाते असते. बेअरिंगचा व्यास खोली ठरवतो.

तरीही हत्याराने सर्व कौशल्य गिळले, हे सरसकट विधान येथे टिकत नाही. बिटे जोडीची असली तरी त्यांची मांडणी कारागिरालाच करावी लागते. प्रथम टेबलावरील आडकड बेअरिंगच्या रेषेत आणायची. कामाच्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर खोबणी पाडायची आणि तो तुकडा जिभेच्या बिटाशेजारी ठेवून पात्यांमधील फट खोबणीच्या पातळीत येईपर्यंत बिट वरखाली करायचे. नमुना जोडून बोट फिरवले की उंचीतला फरक कळतो; मग केवळ दुसऱ्या बिटाची उंची तेवढ्या फरकाने बदलायची. खोबणी अगदी मध्यावर नसली तरी चालते, मात्र प्रत्येक पट्टीची तीच बाजू खाली असली पाहिजे. म्हणून दर्शनी बाजूवर खूण करण्याची जुनी शिस्त यंत्रयुगातही सुटलेली नाही. आडव्या पट्टीची टोके कापताना मागे आधाराचा ठोकळा लागतो, अन्यथा शेवटचे तंतू उखडतात. लांबीचा हिशेबही डोक्यातच करावा लागतो : दार 450 मिलिमीटर, उभ्या पट्ट्या प्रत्येकी 60 आणि जीभ 10 असेल तर आडवी पट्टी 350 मिलिमीटरची, कारण दोन्ही टोकांच्या जिभा तिच्यातच धरायच्या असतात.

बाजारातील प्लायवूड छापील जाडीपेक्षा बरेचदा किंचित पातळ भरते आणि ठरावीक खोबणीत ते खुळखुळते. त्यामुळे पात्यांमध्ये पातळ चकत्या घालून अंतर जुळवता येणारी बिटे निघाली. याच चकत्यांचा दुसरा उपयोग धार लावल्यानंतर होतो. पात्याची सपाट बाजूच घासली तरी कडेच्या उतारामुळे त्याची रुंदी किंचित घटते. परिणामी खोबणी अरुंद होते, जिभेच्या दोन पात्यांमधील फट वाढते, म्हणजे जीभ जाड होते, आणि सांधा दोन्हीकडून घट्ट होत जातो. तेव्हा जिभेच्या बिटातील एक चकती काढावी लागते, खोबणीचे पाते दोन भागांचे असल्यास तेथे एक घालावी लागते आणि पुन्हा टाकाऊ तुकड्यावर नमुना कापून पाहावा लागतो.