मुद्द्यांवरून गोष्ट: मराठी शाळेतील कथालेखनाची वाटचाल

मराठी शाळेत गोष्ट आली ती वाचण्यासाठी आणि पाठ करण्यासाठी. विद्यार्थ्याने ती स्वतः रचून लिहावी, ही अपेक्षा फार उशिरा आली आणि आली तीही परीक्षेच्या वाटेने. आठवी ते दहावीच्या वयाच्या मुलांना कथा लिहायला कसे शिकवले गेले, हा इतिहास म्हणूनच बराचसा क्रमिक पुस्तकांचा आणि प्रश्नपत्रिकांचा आहे. त्याचा सर्वांत जिवंत भाग मात्र अभ्यासक्रमाबाहेर घडला.

पंतोजींच्या शाळेत लेखन म्हणजे अक्षर, हिशेब आणि पत्र. मुले धूळपाटीवर मुळाक्षरे गिरवत, पुढे बोरूने मोडी कित्ता घोटत, पाढे आणि उजळणी मोठ्याने म्हणत. शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यावर कोणाला कोणता मायना लिहायचा हे त्यांना शिकवले जाई. कारकुनीला आणि दुकानदारीला एवढे पुरे होते. कथा कीर्तनातून, श्रावणातल्या कहाण्यांतून, घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून कानावर पडत. त्या लिहून काढण्याचे शाळेला काही कारण नव्हते.

मुलांसाठी छापील गोष्ट प्रथम महाराष्ट्राबाहेरच निघाली. तंजावरच्या सरफोजीराजांनी इसापच्या कथांचे मराठी भाषांतर सक्खण पंडितांकडून करवून घेतले आणि ते १८०६ मध्ये ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने सिद्ध झाले. मुंबईत १८२२ मध्ये शाळापुस्तके तयार करणारी मंडळी स्थापन झाली. तिच्यासाठी सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये ‘इसापनीतिकथा’ आणि ‘बाळमित्र’ ही पुस्तके लिहिली. ‘बाळमित्र’ मूळ बेर्कँ या फ्रेंच लेखकाचे, मराठीत आले ते इंग्रजीमार्गे. छत्र्यांची भाषा आजही वाचवते, इतकी ती बोलती आहे. पण या पुस्तकांबरोबर एक सवयही शाळेत आली: गोष्ट संपली की तिच्याखाली बोध द्यायचा. पुढची दीडशे वर्षे ‘तात्पर्य’ हा गोष्टीचा अवयवच मानला गेला.

कथालेखनाच्या दृष्टीने मेजर थॉमस कँडी यांचे काम वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे आहे. सरकारी शाळापुस्तकांची भाषा तपासणाऱ्या कँडी यांनी मराठी गद्यात विरामचिन्हे रुजवली आणि १८५० मध्ये त्यांवर एक पुस्तिका लिहिली. अवतरणचिन्हे, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह यांच्यामुळे पात्रांचे बोलणे निवेदनापासून वेगळे दाखवण्याची सोय झाली. संवाद लिहू पाहणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाती ही साधने तेव्हापासून आहेत.

साधने होती, तरी लेखनाला वाव नव्हता. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक १८५९ मध्ये झाली आणि हायस्कुलांचे सारे शिक्षण त्या परीक्षेकडे तोंड करून उभे राहिले. माध्यम इंग्रजी होते. मराठीचा मुख्य उपयोग भाषांतरापुरता. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर कित्येक पिढ्यांनी वाक्ये घोटली. त्यातच विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या ‘निबंधमाले’ने १८७४ पासून मराठी गद्यात निबंधाला मानाचे स्थान मिळवून दिले. चिपळूणकर स्वतः शिक्षक होते, १८८० च्या न्यू इंग्लिश स्कूलचे एक संस्थापक. विद्यार्थ्याने लिहायचे तर निबंध लिहायचा, ही धारणा या काळात पक्की झाली. उलट कल्पित कथेकडे सुशिक्षित वर्ग काहीशा संशयाने पाहत होता. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांचा १८७२ चा ‘नावल व नाटक ह्यांविषयी निबंध’ त्याची साक्ष देतो. अद्भुतात रमल्याने तरुणांची बुद्धी बिघडते, ही भीती तेव्हा सार्वत्रिक होती.

आधुनिक मराठी कथा त्यामुळे शाळेत नव्हे, नियतकालिकांत वाढली. हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’मधल्या स्फुट गोष्टी १८९० पासून येऊ लागल्या, ‘मनोरंजन’ १८९५ पासून सुरू झाले; मुलांसाठी वि. कों. ओक यांचे ‘बालबोध’ १८८१ मध्ये आणि वा. गो. आपटे यांचे ‘आनंद’ १९०६ मध्ये निघाले. घरी ‘आनंद’ वाचणारा मुलगा वर्गात निबंध लिहीत होता.

ही फट बुजवण्याचा प्रयत्न लेखक असलेल्या शिक्षकांनी केला. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे शिरोड्याच्या शाळेत होते आणि त्यांचे बहुतेक सुरुवातीचे कथालेखन तिथेच झाले. प्र. के. अत्रे पुण्याच्या कँप एज्युकेशन सोसायटीच्या हायस्कूलचे मुख्याध्यापक होते. त्यांच्या ‘नवयुग’ आणि ‘अरुण’ वाचनमालांनी उपदेशाचा सूर खाली आणला आणि मुलांच्या तोंडची भाषा पाठ्यपुस्तकात आणली. साने गुरुजींनी सर्वांत साधी गोष्ट केली. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात त्यांनी ‘छात्रालय दैनिक’ सुरू केले. ते हस्तलिखित होते आणि त्यातला बहुतेक मजकूर गुरुजी स्वतःच लिहीत. आपले शिक्षक रोज लिहितात, हे मुलांच्या डोळ्यांसमोर होते. लेखन शिकवण्याची याहून थेट पद्धत मराठी शाळांच्या इतिहासात दाखवणे कठीण आहे.

हस्तलिखित अंक ही विसाव्या शतकातील मराठी शाळांची खास प्रथा. वर्षातून एकदा, बहुधा स्नेहसंमेलनाच्या सुमारास, एकच प्रत तयार होई. मराठीचे शिक्षक मुलांकडून गोष्टी, कविता, प्रवासवर्णने मागवत. वळणदार अक्षराची दोन-तीन मुले फुलस्केप कागदावर समास आखून मजकूर उतरवत. चित्रकलेत पुढे असलेले मूल मुखपृष्ठावर सरस्वती किंवा उगवता सूर्य काढी आणि शेवटी पुठ्ठ्याची बांधणी होई. छपाईला पैसे नसलेल्या खेड्यातल्या शाळेलाही हे परवडत असे. या पानांवर शब्दमर्यादा नसे, गुण नसत, तात्पर्याची सक्ती नसे. मजकुराची निवड, काटछाट, पुन्हा लिहून आणणे हे संपादनाचे संस्कारही मुलांना इथेच मिळत. कथा ही कोणीतरी वाचायची वस्तू आहे, केवळ तपासायची नाही, ही जाणीव वर्गातल्या वहीने दिली नाही. ती हस्तलिखिताने दिली. भित्तिपत्रक हे त्याचेच लहान रूप.

वर्गात मात्र ‘दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहा, योग्य शीर्षक द्या व तात्पर्य सांगा’ हा प्रश्न स्थिरावला. त्याची घडण पाहण्यासारखी आहे. मुद्दे असे येत: उन्हाळ्याचे दिवस – तहानलेला कावळा – तळाशी पाणी असलेला रांजण – खडे – पाणी वर – तात्पर्य. पात्र कोण, अडचण कोणती, ती कशी सुटली आणि तिचा अर्थ काय, हे सगळे आधीच ठरलेले. विद्यार्थ्याकडे उरत ती क्रियापदे, वाक्यांचे सांधे आणि एखाद-दुसरे विशेषण. या प्रश्नाचे गुण नाकारता येत नाहीत. घटनांचा क्रम, भूतकाळाचा सुसंगत वापर, परिच्छेद कुठे तोडायचा, हे त्यातून नीट शिकता येते. हुशार मूल दोन मुद्द्यांच्या मधल्या डॅशमध्ये एखादा संवाद घालून आपली चमकही दाखवते. परीक्षकाच्या दृष्टीने तर तो सोयीचाच होता, कारण हजारो उत्तरपत्रिका एकाच मापाने तपासता येत. दोष असा की, कथाकाराचे खरे काम, म्हणजे काय घडावे हे ठरवणे, मुलाकडे कधी आलेच नाही. मो. रा. वाळंबे यांच्या व्याकरण-लेखनाच्या पुस्तकासारख्या पुस्तकांनी लेखनाचे प्रकार स्वच्छ समजावले. बाजारातल्या मार्गदर्शकांनी तयार गोष्टी पुरवल्या आणि मुलांनी त्या पाठ केल्या.

कल्पनेला थोडी मोकळीक मिळाली ती निबंधाच्याच आडून. ‘सूर्य उगवला नाही तर’ किंवा ‘फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त’ अशा विषयांत मुलांना निवेदक बदलता आला, वस्तूच्या जागी उभे राहता आले. सुरुवातीला या विषयांत खरे नावीन्य होते. पुढे पुस्तकाने आपली छापखान्यापासूनची कर्मकहाणी ठरलेल्या क्रमाने सांगावी, हेही ठरून गेले.

मोठ्यांसाठी कथातंत्राचे विवेचन याच काळात लिहिले जात होते. ना. सी. फडके यांचे ‘प्रतिभासाधन’ १९३१ मध्ये आले. प्रतिभा असली तरी तंत्र शिकावे लागते आणि ते शिकता येते, ही त्याची भूमिका. साहित्यात त्यावर दीर्घ वाद झाला. फडके यांची कन्या लीला पाटील यांनी अध्यापक घडवण्याचे काम केले आणि १९८५ मध्ये कोल्हापुरात ‘सृजन आनंद विद्यालय’ सुरू केले. ही प्राथमिक शाळा. पण लेखनाबद्दलचा तिचा विचार माध्यमिक शिक्षकांनाही उपयोगी पडला: मुलांनी आधी पाहावे, माणसांशी बोलावे, मग स्वतःच्या शब्दांत लिहावे. वडिलांच्या विवेचनाचा भर रचनेवर होता, मुलीचा अनुभवावर. शाळकरी लेखकाला दोन्ही लागतात, तरी आरंभ अनुभवापासून व्हावा, हे मुलांचे लेखन वाचणाऱ्या कोणालाही पटेल.

सरकारी व्यवस्थेत ‘बालभारती’ची स्थापना १९६७ मध्ये झाली आणि १९७१ पासून तिचे ‘किशोर’ मासिक निघू लागले. पाठ्यपुस्तकांत व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील, अण्णा भाऊ साठे आले. गावाकडची बोली छापील धड्यात दिसू लागली. आपल्या घरची भाषा कथेत चालते, हे ग्रामीण मुलांना यातून कळले. दहावीच्या २०१८ च्या ‘कुमारभारती’त कथालेखन उपयोजित लेखनात घेतले गेले. तिथे कथाबीज, पात्रे, संवाद, शीर्षक यांची चर्चा आहे आणि अपुरी कथा पूर्ण करण्याचा प्रकारही आहे, म्हणजे शेवट प्रथमच विद्यार्थ्याच्या हाती आला. मात्र परीक्षेत हा प्रश्न बातमी आणि जाहिरात यांच्याबरोबर पर्यायात येतो, त्यामुळे कथा न लिहिताही शाळा संपवता येते. बारावीच्या नव्या ‘युवकभारती’त कथा हा स्वतंत्र साहित्यप्रकार म्हणून अभ्यासायला आहे, व. पु. काळे यांची ‘शोध’ आणि प्रतिमा इंगोले यांची ‘गढी’ या कथांसह. त्याच पुस्तकाच्या उपयोजित लेखनात मुलाखत, माहितीपत्रक आणि अहवाल आहेत; कथालेखन नाही.