वरोऱ्याची कोळसा खाण १९०६ मध्येच बंद झाली, मग तिची रेल्वे आजही का धावते?

शिरूर किंवा दौंडमध्ये कितीही खोल बोअर घ्या, कोळसा लागणार नाही. लागेल तो काळा पाषाण. आपल्याकडचा हा बेसाल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. कोळसा त्याहून खूप जुना, २५ कोटी वर्षांच्या आसपासच्या गोंडवन खडकांत सापडणारा. महाराष्ट्रात हे खडक जमिनीजवळ आहेत ते विदर्भात, विशेषतः वर्धा नदीच्या खोऱ्यात.

इंग्रजांना हा कोळसा हवा होता तो रेल्वेसाठी. मुंबईहून निघणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या इंजिनांत तेव्हा थेट इंग्लंडहून जहाजाने आलेला कोळसा जळायचा. किती महाग पडत असेल, विचार करा! म्हणून १८७० च्या दशकात सरकारने आजच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा इथे स्वतःची खाण चालवायला घेतली.

पण कोळसा बाहेर न्यायचा कसा? त्यासाठी वर्ध्यापासून वरोऱ्यापर्यंत सुमारे ७२ किलोमीटरचा खास मार्ग टाकला. त्याचं नावच होतं ‘वर्धा कोल स्टेट रेल्वे’. गंमत म्हणजे आपला दौंड-मनमाड मार्गही त्याच दशकातला (१८७८) आणि तोही सरकारी. फक्त तो कोळशासाठी नव्हता, आणि त्याच्या मातीकामावर दुष्काळात होरपळलेले मजूर राबले होते.

वरोऱ्याची खाण १९०६ मध्ये बंद झाली. तोवर बल्लारपूरला नवी सरकारी खाण निघाली होती, त्यामुळे रूळ उखडले गेले नाहीत, उलट पुढे बल्लारपूरकडे वाढले. १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ जोड पूर्ण झाली आणि एका खाणीसाठी टाकलेला हा फाटा थेट दिल्ली-मद्रास मुख्य मार्गाचा भाग बनला.

आज वरोरा म्हटलं की बाबा आमटेंचं आनंदवन आठवतं, खाण क्वचितच कुणाला. पण नागपूरहून चेन्नईला रेल्वेने गेला असाल, तर त्या खाणीच्या रुळांवरून तुम्ही गेला आहात. वर्धा-बल्लारशाह दरम्यान आता तिसरी लाईनही हाती घेतली आहे. आसपासच्या वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणींचा कोळसा अजूनही याच वाटेने जातो.