धुराचा पत्ता

माझ्या वडिलांच्या नावाचा एक केसपेपर मी जपून ठेवला आहे. १९८९ सालचा. कागद पिवळा पडला आहे, घडीवर फाटला आहे, पण अक्षर वाचता येतं. नाव, वय, पत्ता : लालबाग, मुंबई १२. खाली इंग्रजीत तीन गोष्टी : जुनाट खोकला, चालताना दम, विडी ओढतो.

यातली शेवटची गोष्ट चूक आहे. वडील तंबाखू मळायचे, पण विडी त्यांनी जन्मात ओढली नाही. तीस वर्षं ते एका गिरणीच्या कार्डिंग खात्यात होते आणि तिथे खिशात काडेपेटी सापडली तरी माणूस घरी बसायचा. कापूस पेट घ्यायला किती वेळ लागतो? केसपेपर लिहिणाऱ्यानं बहुधा विचारलंच नसावं. गिरणी कामगार, खोकला, म्हणजे विडी. त्याच्यापुढे बाहेर दीडशे माणसांची रांग असणार. मी त्याला दोष देत नाही. पण आईला ते शेवटपर्यंत लागून राहिलं. “त्यांच्या आजाराला नाव देताना त्यांनाच नाव ठेवलं,” असं ती म्हणते.

त्याच कागदावर वरच्या ओळीत आजाराची खरी माहिती होती. पत्ता. पण ती कुणी वाचली नाही.

मी डॉक्टर नाही, इतिहासाचा पदवीधरही नाही. नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी ग्रंथालयांत आणि दफ्तरखान्यांत बसून जे वाचता आलं ते वाचलं. मुंबईच्या धुराचा इतिहास शोधताना मला हळूहळू एक गोष्ट दिसू लागली. या शहरानं धूर मोजला, त्यावर कायदे केले, धूर इकडून तिकडे हलवला. पण धुराचा पत्ता आणि माणसाचा पत्ता शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचं काम फार थोड्यांनी केलं. त्या थोड्यांची आणि बाकीच्यांची ही हकीकत.

कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला काढलेली मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५६ साली सुरू झाली. त्याआधी तीनच वर्षं बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली होती. पुढच्या पन्नास वर्षांत ताडदेव, भायखळा, चिंचपोकळी, लालबाग, परळ या पट्ट्यात गिरण्यांची रांग उभी राहिली आणि प्रत्येक गिरणीला एक उंच धुराडं आलं. आम्ही त्याला चिमणीच म्हणायचो. दिवसा समुद्रावरचा वारा तो धूर पूर्वेकडे ढकलायचा. हिवाळ्यात पहाटे वारा पडला, की जमिनीलगत गार आणि वर उबदार अशी हवेची घडी बसायची आणि धूर तिच्याखाली अडकून चाळींवर उतरायचा. गॅलरीत वाळत घातलेल्या धोतरावर काजळीचे ठिपके पडायचे. ते झटकायचे असतात, चोळायचे नसतात, हे लालबागच्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं.

सरकारला या काजळीची दखल घ्यायला वेळ लागला. कलकत्त्यासाठी १९०५ साली धूर-उपद्रवाचा कायदा झाला आणि त्याच्याच वळणावर १९१२ साली मुंबईचा ‘बॉम्बे स्मोक न्यूसन्सेस ॲक्ट’ आला. कायद्याच्या नावातला ‘न्यूसन्स’ हा शब्द पाहण्यासारखा आहे. न्यूसन्स म्हणजे उपद्रव, कटकट. रोग नव्हे.

त्या काळी धुराची दाटी ठरवायला जगभर रिंगेलमन नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाचा तक्ता वापरत. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी; रेघा जाड होत जातात तशी छटा गडद होत जाते. शून्य म्हणजे पांढरा, पाच म्हणजे पूर्ण काळा. तपासनिसानं तक्ता लांब धरायचा, चिमणीच्या टोकाकडे पाहायचं आणि धूर कोणत्या छटेशी जुळतो ते लिहायचं. साधी, स्वस्त आणि त्या काळाच्या मानानं प्रामाणिक पद्धत होती ती. पण तिच्यात मान वर करून पाहायचं असतं. चिमणीखाली कोण राहतं, याचा रकाना त्या तक्त्यात नाही.

या कायद्याची प्रत पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी ‘भट्टी’ या शब्दाच्या व्याख्येपाशी थांबलो. तिला एक परंतुक आहे. प्रेत जाळण्यासाठी वापरायची, किंवा खासगी घरात घरगुती कामासाठी वापरायची चूल ही या कायद्याच्या अर्थानं भट्टी धरायची नाही. हेतू समजण्यासारखा आहे. सरकारला लोकांच्या स्वयंपाकात आणि अंत्यविधीत हात घालायचा नव्हता. पण आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत पहाटे पाचला आई शेगडी पेटवायची. दाराशी बंब असायचा, बाहेरून चिमणीचा धूर यायचा. १९१२ च्या कायद्याच्या हिशेबी त्यातला एक धूर उपद्रव होता आणि बाकीचे दोन धूर नव्हतेच. आईच्या फुफ्फुसाला हा फरक कळत नव्हता.

धुरावर खरा उतारा पडला तो कायद्यानं नव्हे, विजेनं. लोणावळ्याच्या धरणांचं पाणी खोपोलीला उतरवून टाटांनी १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज द्यायला सुरुवात केली. दगडी कोळशापासून आणि त्याच्या धुरापासून सुटका, हा या योजनेचा सांगितला गेलेला एक मोठा फायदा होता आणि तो खोटा नव्हता. गिरण्यांची इंजिनं विजेवर जाऊ लागली, १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. याच मालिकेतलं पुढचं धरण मुळशीचं. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह केला, तो हरला, आणि गावं पाण्याखाली गेली. मुळशी सत्याग्रहावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे आणि गिरणगावावरही. पण मुंबईचं आकाश थोडं निवळलं त्याची किंमत मावळच्या भातखाचरांनी भरली, ही एकच हकीकत आहे हे माझ्या ध्यानात यायला बरीच वर्षं लागली.

शिवाय इंजिनं विजेवर गेली तरी बॉयलर राहिले. कापड धुवायला, रंगवायला, खळ द्यायला वाफ लागते. चिमण्या माझ्या लहानपणापर्यंत धूर ओकत होत्या.

आणि गिरणीच्या आतल्या हवेकडे तर कोणताच तक्ता रोखलेला नव्हता. कार्डिंग खात्यात कापूस पिंजून विंचरला जातो तेव्हा तंतूंची भुकटी उडते. वडील घरी यायचे ते भुवयांवर रुई घेऊन. घशातला कापूस खाली उतरतो म्हणून गूळ खायचे. रविवारी ते बरे असायचे. सोमवारी पहिली पाळी करून आले, की छातीवर कुणी पाटा ठेवल्यासारखं वाटतं म्हणायचे. आठवडा सरताना ते ओझं हलकं व्हायचं. आम्ही समजायचो, सुटीनंतर कामाचा कंटाळा.

या सोमवारच्या पाट्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे : बिसिनोसिस. रिचर्ड शिलिंग या इंग्रज डॉक्टरनं १९५० च्या दशकात लँकेशरच्या कापूस गिरण्यांमधल्या कामगारांना हाच प्रश्न विचारून आजाराच्या पायऱ्या ठरवल्या : सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते का? आधी फक्त सोमवारी, मग बाकीच्या दिवशीही, आणि शेवटी काम सुटलं तरी न जाणारा दम. आपल्याकडच्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या यादीतही कापसाच्या धुळीचा हा आजार होता. म्हणजे केसपेपर लिहिणाऱ्यानं ‘सोमवारी कसं वाटायचं?’ एवढं विचारलं असतं, तर विडीच्या जागी दुसरा शब्द आला असता. त्यावर कदाचित हक्काचे चार पैसेही मिळाले असते.

धुराचा आणि माणसाचा पत्ता एकत्र पाहण्याचं काम आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर झालं, हे मला पन्नाशीत कळलं. परळच्या केईएम रुग्णालयातले छातीविकारतज्ज्ञ डॉ. एस. आर. कामत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईतल्या तीन वस्त्या निवडल्या : लालबाग, चेंबूर आणि खार. तुलनेसाठी शहराबाहेरचा एक ग्रामीण भाग घेतला. चार हजारांहून अधिक माणसांना प्रश्न विचारले, फुफ्फुसाची ताकद फुंकर मारायला लावून मोजली आणि तीच माणसं पुन्हा पुन्हा तपासली. काहींना रोजच्या तब्येतीची नोंदवही ठेवायला दिली. आज खोकला आला का, दम लागला का, सर्दी झाली का.

निष्कर्ष आज कुणाला नवे वाटणार नाहीत. लालबाग आणि चेंबूरमध्ये खोकल्याचं प्रमाण खारपेक्षा जास्त निघालं. पण मला दोन गोष्टींचं मोल वाटतं. एक, आकाशातल्या धुराऐवजी त्यांनी खोलीतल्या माणसाचा खोकला मोजला, आणि तोही रोजचा. मृत्यूचे आकडे धक्का देतात. पण प्रदूषणाचं रोजचं काम मारण्याचं नसतं, माणसाला जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर थांबवण्याचं असतं. दोन, खेड्यातल्या माणसांची छातीही स्वच्छ निघाली नाही. तिथे चुलीचं सरपण आड आलं. १९१२ च्या परंतुकानं बाहेर ठेवलेला धूर असा सत्तर वर्षांनी नोंदीत आला.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि गिरण्यांचे भोंगे थांबले. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. काही दिवसांनी दोरीवरचे कपडे संध्याकाळपर्यंत पांढरे राहू लागले. आई ते घडी करताना म्हणाली, “कपडे पांढरे राहतायत, पण हंडीत काय घालू?” स्वच्छ हवेबद्दल लिहिताना हे वाक्य मी विसरत नाही. आमच्या घरी स्वच्छ हवा आली ती पगार घेऊन गेली.

तोवर धूर पूर्वेला गेलाच होता. चेंबूर-तुर्भे भागात १९५४ आणि १९५५ साली दोन तेलशुद्धीकरण कारखाने उभे राहिले, पाठोपाठ औष्णिक वीजकेंद्र, मग खतकारखाना. सत्तरच्या दशकात लोक चेंबूरला ‘गॅस चेंबर’ म्हणू लागले. १९८१ साली देशाचा हवा प्रदूषण कायदा झाला. पण चेंबूरच्या पलीकडच्या माहुलची गोष्ट त्यानंतरची आहे. तिथली हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक असल्याचं राष्ट्रीय हरित लवादानं २०१५ साली म्हटलं. तरीही तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या हटवल्यावर त्या कुटुंबांना पुनर्वसनाची घरं देण्यात आली, ती माहुललाच. शेवटी २०१९ साली मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं, की या लोकांना तिथे राहण्याची सक्ती करता येणार नाही. इतकी वर्षं धूर माणसांच्या वस्तीत येत होता. इथे माणसांचाच पत्ता बदलून त्यांना धुराकडे नेलं गेलं.

आज गिरणगावात चिमण्या उरल्या त्या खुणेपुरत्या. १९९१ च्या विकास नियमावलीनं गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या केल्या आणि तिथे मनोरे आले. आता हवेत आहे ती बांधकामाची धूळ, वाहनांचा धूर आणि डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म कण. अडीच मायक्रॉनचा कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्शाएवढा असतो. तो नाकात अडकत नाही, फुफ्फुसाच्या टोकाशी पोहोचतो आणि काही रक्तातही उतरतात. त्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ साली सुचवलेली वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आहे. आपली २००९ पासूनची मर्यादा आहे ४०. रिंगेलमनच्या तक्त्यावर ही हवा शून्य छटेची भरेल.

२०२३ च्या दिवाळीआधी मुंबईची हवा इतकी बिघडली, की उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली आणि फटाक्यांना रात्री आठ ते दहा एवढीच वेळ दिली. महापालिकेनं बांधकामांभोवती उंच पत्रे लावायला सांगितले. पत्रे लागलेही. पण पत्र्याच्या आत काम करणारा मजूर आजारी पडला, तर त्याच्या केसपेपरवर काय लिहिलं जाईल, याचा मला अंदाज आहे.

बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्यानं १७०० साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रुग्णाला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत त्यानं एक प्रश्न वाढवायला सांगितला : तू काम काय करतोस? सव्वातीनशे वर्षं झाली. मला त्यात आणखी दोन प्रश्न घालावेसे वाटतात : कुठे कुठे राहिलास, आणि घरात काय जळत होतं?

आई आता आमच्याबरोबर उपनगरात राहते. तिला दोन वेळा पंप घ्यावा लागतो. मागच्या हिवाळ्यात तिला नव्या डॉक्टरांकडे नेलं. मुलगी तरुण होती. तिनं संगणकावर भरलं : व्यवसाय गृहिणी, धूम्रपान नाही. मी म्हटलं, “एक लिहा मॅडम. चाळीस वर्षं लालबागला, चिमणीसमोर. खोलीत कोळशाची शेगडी.” तिनं आईकडे पाहिलं आणि विचारलं, “आजी, शेगडी कुठल्या सालापर्यंत होती?” आई बराच वेळ बोलत राहिली. संगणकावर त्यासाठी रकाना नव्हता. मुलीनं ते कागदावर लिहून घेतलं आणि कागद फाइलला टाचला.