अवकाश स्थानक : एकेक खोली जोडत वाढणारं घर

नागपूर : काटोल, उमरेडच्या आकाशात पहाटे किंवा सांजवेळी न लुकलुकता सरकणारा तेजस्वी ठिपका कधीकधी दिसतो. ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक, सुमारे ४०० किमी उंचीवरचं. एवढं धूड एका रॉकेटात मावत नाही. म्हणून खोलीला खोली जोडत ते वाढवलं. पहिला भाग ‘झार्या’ २० नोव्हेंबर १९९८ला गेला, ‘नाउका’ २०२१मध्ये जोडला गेला.

भारताचं स्थानक पाच भागांचं असेल. पहिला भाग २०२८मध्ये, सगळं काम २०३५पर्यंत, असं इस्रोचं नियोजन आहे. खरी कसोटी जोडणीची : ताशी सुमारे २८ हजार किमी वेगातली दोन यानं अलगद भिडवायची. हे जमलं नाही तर स्थानक होणारच नाही. १६ जानेवारी २०२५ला ‘स्पेडेक्स’ मोहिमेत इस्रोनं ते जमवलं. असं करणारा भारत चौथा देश ठरला.