डाव्या पायाच्या बोटांची कुळकथा

उताणं पडायचं, डोळे मिटायचे आणि लक्ष डाव्या पायाच्या बोटांवर न्यायचं. तिथे ऊब आहे, मुंग्या आहेत, की काहीच जाणवत नाही, एवढंच बघायचं. मग तळवा, टाच, घोटा, पोटरी, गुडघा असं चढत चढत ४५ मिनिटांत टाळूपर्यंत पोचायचं. वाटेत दुखरी कंबर लागली तर तिला टाळायचं नाही आणि तिच्यापाशी घुटमळायचंही नाही. वर्षानुवर्षं कंबर, मान, सांधे धरून बसलेल्या रुग्णांना हा ‘बॉडी स्कॅन’ आज अनेक देशांतल्या रुग्णालयांत शिकवला जातो.

त्याचा जन्मदाखला सरळ आहे. १९७९, अमेरिकेतलं वूस्टर शहर, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचं वैद्यकीय केंद्र आणि जॉन कबात-झिन हे रेणुजीवशास्त्रज्ञ. त्याआधीच मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५मध्ये ‘गेट कंट्रोल’ सिद्धान्त मांडून वेदनेत मनाचाही वाटा असतो हे शास्त्राच्या भाषेत सांगितलं होतं. जॉन बोनिका यांनी सिएटलमध्ये अनेक शाखांच्या डॉक्टरांना एका वेदना-क्लिनिकमध्ये एकत्र आणलं होतं. हे सगळं पाठ्यपुस्तकांत आहे. मला गुंतवून ठेवलं ते या तंत्राच्या आजोळानं. ते आहे रंगूनमध्ये, आणि तिथे एका जुनाट दुखण्याच्या रुग्णाला चक्क परत पाठवलं गेलं होतं.

तो रुग्ण म्हणजे मंडालेत जन्मलेले तरुण उद्योजक सत्यनारायण गोएंका. अर्धशिशीनं ते बेजार होते. कळ उठली की मॉर्फिनचं इंजेक्शन घ्यावं लागे. आता त्याचंच व्यसन लागेल, अशी धास्ती डॉक्टरांना वाटू लागली. युरोप, अमेरिका, जपान पालथं घालूनही गुण आला नाही, तेव्हा १९५५मध्ये ते सयाजी ऊ बा खिन यांच्या दारी गेले. ऊ बा खिन म्हणजे स्वतंत्र ब्रह्मदेशाचे महालेखापाल राहिलेले सरकारी अधिकारी आणि विपश्यनेचे आचार्य. केवळ डोकेदुखी घालवायला येणार असाल तर येऊ नका, मन निर्मळ करायला या, असं त्यांनी सांगितलं. गोएंकांनी पुढे हा प्रसंग स्वतःच अनेकदा सांगितला आहे. त्यांनी ती अट मान्य केली, शिबिर केलं आणि अर्धशिशीही गेली.

बॉडी स्कॅनचं खरं बीज या नकारात आहे, असं माझं ठाम मत आहे. दुखणं जावं या आशेनं शरीराकडे पाहिलं की दर क्षणी हिशेब सुरू होतो: गेलं का, कमी झालं का, अजून का नाही? हा हिशेबच दुखण्यावर भीती आणि चिडचिड चढवतो. हिशेब थांबला की उरते नुसती संवेदना. ती उठते, सरकते, विरते. १९८२च्या आपल्या शोधनिबंधात कबात-झिन यांनी शास्त्रीय भाषेत जवळपास हेच मांडलं आहे: वेदनेची शारीरिक जाणीव आणि तिच्यामुळे मनात वाजणारी धोक्याची घंटा या दोन गोष्टी सुट्या करता येतात.

रंगूनहून वूस्टरला हे तंत्र पोचलं कसं? गोएंकांमार्फत नाही. ऊ बा खिन यांनी शिकवण्याची परवानगी दिलेल्या मोजक्या पाश्चात्त्यांत रॉबर्ट हॉव्हर हे अमेरिकन होते. त्यांच्या शिबिरात कबात-झिन तासन्‌तास न हलता बसले. गुडघे, पाठ पेटून उठली, आणि त्या आगीकडे बघत राहिल्यावर तिचं रूप कसं बदलतं हे त्यांनी स्वतः अनुभवलं. थोडक्यात, गोएंकांच्या विपश्यनेचं केंद्र असलेली इगतपुरी आणि वूस्टर ही चुलत घराणी आहेत. दोघांचा मूळपुरुष एकच.

या वंशावळीवर दुसरे दावेदार आहेत. पहिला दावा शिकागोच्या एडमंड जेकबसन यांचा. त्यांचं ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ १९२९चं. त्यात स्नायू आवळून सैल सोडायचे असतात. पण तिथे सैल होणं हेच उद्दिष्ट आहे, आणि बॉडी स्कॅनमध्ये तर काहीही साधायचा प्रयत्न करू नका असं वारंवार बजावतात. हा दावा मी बाजूला ठेवतो. दुसरा दावा पाली सूत्राचा. अज्ञानी माणसाला एकामागून एक दोन बाण लागतात, पहिला शरीराला आणि दुसरा मनाला, हा बुद्धाचा दृष्टान्त या विषयावर लिहिणारे हमखास देतात. दृष्टान्त चोख आहे, पण त्यातून कुठल्या अवयवापासून सुरुवात करायची ते कळत नाही. तंत्र गुरूकडून शिष्याकडे, बसून बसून जातं.

तिसरा दावेदार तगडा आहे, आणि तो आपल्या घरचा आहे: शवासन. १९६९मध्ये मुंबईच्या के. के. दाते आणि सहकाऱ्यांनी ‘अँजिऑलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात ४७ रुग्णांवरचा निबंध छापला. विषय होता उच्च रक्तदाबावर शवासनाचा उपयोग. सहलेखकांत विनेकर हे नाव आहे; लोणावळ्याच्या स्वामी कुवलयानंदांबरोबर ‘योगिक थेरपी’ लिहिणारे ते हेच. शवासन घालून डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णावर उपचार करणं मुंबईत वूस्टरच्या दहा वर्षं आधी झालं होतं. कबात-झिन स्वतः हठयोग करत, शिकवत, आणि बॉडी स्कॅनची ठेवणही शवासनाचीच आहे. म्हणून माझा निवाडा असा: देह शवासनाचा, नजर रंगूनची. दात्यांच्या रुग्णाला रक्तदाब उतरवायचा होता. वूस्टरच्या रुग्णाला काहीच उतरवायचं नव्हतं. फरक पुन्हा त्या नकारापाशीच येतो.

एक कोडं मात्र मला फार आवडतं. इगतपुरीच्या शिबिरात लक्ष टाळूवरून सुरू होऊन पायाकडे उतरतं. वूस्टरमध्ये ते पायाच्या बोटांतून वर चढतं. हे उलटं का झालं? माझा तर्क असा की वूस्टरला पाठवलेले लोक मुख्यतः कंबर, पाठ, मान, डोकं यांनी गांजलेले होते. ज्याची मान जळते आहे त्याला पहिल्याच मिनिटाला मानेत पाठवलं तर तो उठून जाईल. पायाची बोटं बिनधोक असतात. तिथे लक्ष ठेवायला शिकलेला माणूस दुखऱ्या जागी पोचेपर्यंत तयार झालेला असतो. आडवं पडणंही त्याच गरजेतून आलं, कारण ज्याला खुर्चीत दहा मिनिटं बसवत नाही तो मांडी घालून तासभर कसा बसणार?

१९८२च्या त्या निबंधात ५१ रुग्ण होते, नेहमीच्या उपचारांनी गुण न आलेले. दहा आठवड्यांनंतर त्यांतल्या ६५ टक्क्यांची एकूण वेदना-नोंद किमान एक-तृतीयांशानं घटली. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, त्यामुळे पुरावा म्हणून तो अपुरा होता. २०१६मध्ये जुनाट कंबरदुखीच्या ३४२ रुग्णांवर अमेरिकेत नीट तुलना झाली. २६ आठवड्यांनी हालचालीत ठळक सुधारणा झालेले रुग्ण वूस्टरच्या पद्धतीच्या गटात ६०.५ टक्के होते, विचार-वर्तन उपचाराच्या गटात ५७.७ आणि नेहमीच्याच उपचारांवर असलेल्यांत ४४.१. जादू नव्हे, पण ज्याला खाली वाकून चप्पल घालता येऊ लागली त्याच्यासाठी पुष्कळ.

इगतपुरीच्या धम्मगिरीत प्रवेश घेताना आजही सांगतात की शारीरिक रोग बरा करणं हा विपश्यनेचा हेतू नाही. ऊ बा खिन यांची अट तिथे शाबूत आहे, म्हणून दुखण्यावरचा उपचार समजून दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ नका. दुखणं तीन महिन्यांहून जुनं असेल तर आधी डॉक्टरांकडून कारण तपासून घ्या, चालू औषध मनानं बंद करू नका, आणि वेदनेसोबत जगायचं शिक्षण इथे मिळतं का, हे त्यांना स्पष्ट विचारा. आपण मागितल्याशिवाय आपल्या रुग्णालयांत ते सुरू होणार नाही.