तळटीप: जोतिबाचा निवद

* येथे ‘निवद’ म्हणून जो उल्लेख आला आहे, तो पन्हाळा तालुक्यातील वाडी रत्नागिरी येथील श्रीजोतिबास अर्पण होणाऱ्या पुरणपोळीच्या नैवेद्याचा होय. तांबड्या-पांढऱ्या रश्श्यामुळे कोल्हापूरची ख्याती सर्वतोमुखी झाली असल्याने परमुलखातील वाचक याही स्थळी सामिष पाकाचीच कल्पना करतात. वस्तुतः चैत्री पौर्णिमेस सासनकाठ्या नाचवीत येणारी शेतकरी मंडळी देवापुढे ठेवतात ती पुरणपोळीच. हरभऱ्याची डाळ मऊ शिजवून तिचा कट निराळा काढावा, डाळ गुळात आटवून पाट्यावर वाटावी, आणि त्याच कटाला मसाल्याची फोडणी देऊन आमटी करावी, ह्या रीतीत पक्वान्नाच्या दिवशीही कुणबिणीची काटकसर सुटत नाही, हे मला विशेष वाटते. मूळ लेखकाने आयरिश कुळांच्या बटाटे-ताकाशी जी तुलना केली आहे, ती मात्र जपूनच घ्यावी: तो आहार अपुऱ्या जमिनीने व खंडाच्या बोजाने त्यांच्यावर लादलेला होता, आणि १८४५ साली बटाट्यावर करपा पडताच त्यांचा निर्वाहच खुंटला. पुरणपोळी सणावारी, आमच्या रयतेची नित्याची गुजराण ज्वारीच्या भाकरीवर.