कॅसल रॉकची सीमा : १८७८ चा इंग्रज-पोर्तुगीज करार आणि 'प्रगती'चे भिन्न अर्थ

मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे ग्रेट इंडियन पेनिन्शुला आणि ईस्ट इंडियन या कंपन्यांचे लोहमार्ग जोडले गेले. कंपन्या दोन, सत्ता मात्र एकच. १८८८ साली सह्याद्रीत कॅसल रॉकजवळ जे दोन लोहमार्ग भेटले, त्यांच्यामध्ये दोन साम्राज्यांची सीमा होती.

हा मार्ग २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे झालेल्या करारातून निर्माण झाला. पोर्तुगालचे तत्कालीन परराष्ट्रमंत्री आंद्राद कोर्व्हु हे कादंबरीकार होते. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड लिटन 'ओवेन मेरेडिथ' या नावाने कविता लिहीत. करार मात्र निखळ महसुली आहे. बारा वर्षांसाठी गोवा व ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील जकात उठली, गोव्यातील मिठावर ब्रिटिश मक्ता आला आणि त्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला दरसाल ४ लाख रुपये देण्याचे ठरले.

लिस्बनच्या दृष्टीने मुरगाव बंदर आणि रेल्वे म्हणजे निस्तेज झालेल्या वसाहतीचे पुनरुज्जीवन. कलकत्त्याला चिंता होती ती चोरट्या मिठाची व मद्याची. लंडनच्या भांडवलदारांना हमी दिलेल्या व्याजाशी कर्तव्य होते. गाड्या रिकाम्या धावल्या तरी त्या हमीचा भार पोर्तुगीज खजिन्यावरच पडणार होता. या तिन्ही पक्षांची भाषा 'प्रगती'ची असली, तरी त्या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या हिशेबवहीत निराळा होता.

मिठागरांत राबणाऱ्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्यासाठी सीमा हा अडथळा नव्हता, उपजीविकेचे साधन होते; गोव्यातील स्वस्त मीठ घाटापलीकडे खपे ते दोन राज्यांच्या करांतील तफावतीमुळेच. ही तफावत मिटवणे हाच कराराचा हेतू असल्याने उत्पादनावर अंकुश आला आणि अनेक मिठागरे बंद पडली. अबकारीच्या नव्या व्यवस्थेने माडाची सूर काढणारा रेंदेरही अडचणीत आला. मुंबईकडचे स्थलांतर आधीपासूनचेच होते, पण या काळात त्याचे कारण अधिक तीव्र झाले. तौलनिक अभ्यासकाने येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी : सरकारी कागदपत्रे इंग्रजी व पोर्तुगीजमध्ये आहेत, तर ज्यांच्या चुली विझल्या ते कोंकणी बोलणारे होते. त्यांचे म्हणणे जे हाती लागते, ते बहुधा दुसऱ्याच्या भाषेत आणि तक्रारीच्या साच्यात बसवलेले. त्यावरून त्यांचे मत ठरवणे म्हणजे दुभाष्याचे मत ठरवणे होय.

जानेवारी १८९२ मध्ये कराराची मुदत संपली. नूतनीकरण झाले नाही. जकात परतली, ४ लाखांची रक्कम थांबली, रेल्वेच्या हमीचे ओझे तेवढे राहिले. बंद पडलेली सगळी मिठागरे काही परत उभी राहिली नाहीत. मुरगावला पुढे खरे दिवस आले ते दुसऱ्या महायुद्धानंतर, जपानला जाणाऱ्या लोहखनिजामुळे. ते खनिज गोव्याच्याच भूमीतले. घाटापलीकडच्या ज्या मालाच्या आशेवर रेल्वे बांधली, त्याच्याशी त्याचा संबंध नव्हता. १९५५ साली भारत सरकारने गोव्याची कोंडी केली, तेव्हा कॅसल रॉकची वाहतूकही थांबली.